सचेतनपट : महाराष्ट्रातील परंपरा व कलाविचार

सचेतनपट : स्वतःहून न हलणाऱ्या वस्तूंच्या किंवा रेखाटनांच्या क्रमशः बदलत जाणाऱ्या अवस्थांची एकेक करून छायाचित्रे घ्यावयाची आणि ती ठराविक गतीने पडद्यावर प्रक्षेपित करून हालचालीचा भास निर्माण करावयाचा, या तत्त्वावर आधारलेला चित्रपटप्रकार. तो ‘ॲनिमेशन’ या नावाने आणि बोलीभाषेत सरसकट ‘कार्टून’ म्हणून ओळखला जातो. या दुसऱ्या नावामुळे सचेतनपट म्हणजे मुलांना हसविणारी चित्रे, असा समज मराठी वाचकांत पुष्कळसा रूढ आहे. वस्तुतः विनोद हा या कलेचा एक उपयोग होय, तिचे लक्षण नव्हे. नेहमीच्या चित्रपटात घडलेली हालचाल कॅमेरा टिपतो. सचेतनपटात हालचाल मुळात कोठेच घडलेली नसते. ती प्रथमच घडते ती पडद्यावर, किंबहुना प्रेक्षकाच्या मनात. हा भास दृष्टिसातत्यामुळे, म्हणजे डोळ्यात क्षणभर रेंगाळणाऱ्या प्रतिमेमुळे होतो, असे पूर्वी मानीत असत. माक्स व्हेर्टहायमर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये भासमान गतीविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दोन स्थिर प्रतिमांमधील रिकामी जागा मन स्वतः भरून काढते, हे त्यातून पुढे आले. या कलेच्या टिकाऊ आकर्षणाचे मूळ याच रिकाम्या जागेत आहे. ती कोणी व कशाने भरावयाची, या प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांवरून महाराष्ट्रातील सचेतनपटाची वाटचाल समजून घेता येते.

अचेतनाला चेतना देण्याची कल्पना मराठी मनाला नवी नाही. ज्ञानेश्वरांनी भिंत चालविली, ही आख्यायिका लहान मुलालाही ठाऊक असते. त्यांची भावार्थदीपिका शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) ज्या नेवासे गावी पूर्ण झाली, ते अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) आहे. ज्या खांबाला टेकून ग्रंथ सांगितला गेला असे मानतात, तो ‘पैस’चा खांब तेथे आजही दाखविला जातो. प्रभात फिल्म कंपनीच्या संत ज्ञानेश्वर (१९४०) या दामले-फत्तेलाल दिग्दर्शित चित्रपटात हीच भिंत युक्तिछायाचित्रणाने पडद्यावर आली. त्यात ज्ञानेश्वरांची भूमिका करणारे शाहू मोडक (१९१८–९३) यांचा जन्म अहमदनगरचा, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातला. श्यामसुंदर (१९३२) मधील कृष्णामुळे ते आधीच घराघरांत पोहोचले होते. चालती भिंत हा अर्थातच काटेकोर अर्थाने सचेतनपट नव्हे. तेथे खरी वस्तू, खरे नट आणि कॅमेऱ्याची हातचलाखी असते. तथापि प्रेक्षकाची अपेक्षा दोन्हीकडे एकच असते. भिंत चालत नाही हे त्याला ठाऊक असते आणि तरीही ती चालावी अशी त्याची इच्छा असते. प्रेक्षक फसला जात नाही. तो राजीखुशीने सामील होतो.

चित्र आणि आवाज : हे सामील होणे महाराष्ट्रात चित्रपटाच्या फार आधीपासून चालत आले आहे. चित्रकथी या भटक्या जमातीचे लोक कागदावर रंगविलेली रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक प्रेक्षकांसमोर धरीत आणि वाद्यांच्या साथीवर कथा सांगत. ही चित्रे ‘पैठण शैली’ची म्हणून ओळखली जातात. पैठण गोदावरीच्या उत्तर तीरावर आहे आणि पात्र ओलांडले, की अहमदनगर जिल्ह्याचा शेवगाव तालुका लागतो. तेव्हा हा सारा टापू एकाच गोदातीरावरील सांस्कृतिक प्रदेशाचा भाग होय. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात या चित्रांचे नमुने आहेत. कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळी येथे ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ ही तिन्ही अंगे जतन केली. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

या चित्रांकडे सचेतनपटाच्या दृष्टीने पाहिले, तर काही गोष्टी विशेष लक्षात येतात. आकृती बहुधा एका बाजूने दाखविलेल्या, डोळा मात्र मोठा व पूर्ण उघडा. रेषा जाड व निःशंक. पार्श्वभूमी जवळजवळ नाहीच. रथ, घोडा, धनुष्य हे सर्व हालचालीच्या ऐन क्षणी पकडलेले असते. बाण सुटलेला असतो, पण लागलेला नसतो. पुढच्या चित्रात शत्रू पडलेला दिसतो. मधले सारे निवेदकाच्या आवाजात, वाद्याच्या ठोक्यात आणि त्याच्या चित्रावरून फिरणाऱ्या बोटात असते. सचेतनपटाच्या परिभाषेत सांगावयाचे, तर चित्रकथीपाशी फक्त प्रमुख चित्रे असतात. आंतरचित्रे तो आवाजाने काढतो. उरलेली प्रेक्षक काढतो. दोन चित्रे पाठीला पाठ चिकटवून एकच पत्र करण्याची पद्धतही या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. पत्र उलटताच प्रसंग बदलतो आणि त्या उलटण्याचाही एक ताल असतो. या खेळाला चित्रपटाचा पूर्वज म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु चित्र व निवेदन यांच्या श्रमविभागणीचा इतका स्वच्छ नमुना क्वचितच आढळतो, आणि पुढे शासकीय लघुपटांनी ही विभागणी कशी बिघडविली हे कळण्यासाठी तो ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

चित्रकथी आणि चित्रपट यांच्यामधला दुवा कल्याणला सापडतो. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९० नंतरच्या काही वर्षांत ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. शांबरिक म्हणजे मायावी. शंबरासुराच्या मायेवरून हा शब्द आला. काचेवर हाताने रंगविलेल्या चित्रांत एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था काढलेल्या असत. त्या झपाट्याने बदलल्या, की पात्र हलल्यासारखे दिसे. जोडीला गाणी व संवाद असत. पुढे त्यांच्या मुलांनी हे खेळ सु. १९१८ पर्यंत चालविले. एमील रेनो याने पॅरिसमध्ये हाताने रंगविलेल्या पट्टीवरील ‘प्रकाशमय मूकनाट्ये’ दाखविण्यास प्रारंभ केला तो १८९२ मध्ये, म्हणजे जवळजवळ याच सुमारास. दोघांचा एकमेकांशी संबंध असण्याचे कारण नाही. कंदील सर्वत्र होता, काच सर्वत्र होती आणि चित्र हलावे ही हौसही सर्वत्र होती.

आगकाड्या : धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांच्या हाती या हौसेला यंत्र मिळाले. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, मुद्रण आणि जादूचे प्रयोग असा त्यांचा पूर्वेतिहास होता. यांतील शेवटची बाब चरित्रकार बहुधा गंमत म्हणून नोंदवितात, पण सचेतनपटाच्या दृष्टीने तीच मोलाची आहे. राजा हरिश्चंद्र (१९१३) च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ महिनाभर थोडीथोडी टिपून एक लहानसा पट तयार केला. त्यात रोप काही क्षणांत वर येते. कॅमेरा थांबून थांबून चालविता येतो आणि त्यामुळे काळ हवा तसा आवळता येतो, हे त्यांना उमगल्याचा तो पुरावा होय. भांडवल मिळविण्यासाठी दाखविलेला हा नमुना भारतीय चित्रपटातील पहिल्या कल्पक प्रयोगांपैकी एक ठरला, हा योगायोग नव्हे.

त्यानंतर १९१५ च्या सुमारास फाळके यांनी आगकाड्यांची मौज हा लघुपट तयार केला. फ्रान्समध्ये एमील कोल याने १९०८ मध्ये आगकाड्यांचा असाच पट केला होता व त्याच्यापासून फाळके यांनी स्फूर्ती घेतली, असे मानले जाते. फाळके यांचा हा पट आज उपलब्ध नाही. त्यामुळे त्यातील काड्या नेमक्या कशा नाचल्या याविषयी काही विधान करणे धाडसाचे ठरेल. मात्र त्याची कृती निश्चितपणे सांगता येते, कारण अशा पटाची दुसरी कृतीच नाही. टेबलावर काड्या मांडावयाच्या, एक चौकट घ्यावयाची, काड्या किंचित सरकवावयाच्या, पुन्हा एक चौकट घ्यावयाची. मूकपटाची गती सेकंदाला १६ चौकटी धरली, तर एका मिनिटाला ९६० वेळा हा हात पुढे यावयाचा आणि चित्रात न दिसता मागे जावयाचा. दिव्याचा प्रकाश बदलता कामा नये, टेबलाला धक्का लागता कामा नये, आणि कोणती काडी कोठे निघाली आहे हे चौकटीगणिक ध्यानात राहिले पाहिजे.

काडी या वस्तूची निवडही विचार करण्याजोगी आहे. काडीला चेहरा नाही, डोळे नाहीत, हातपाय नाहीत. प्राणी किंवा माणूस हलला, की त्याच्या हालचालीची तुलना प्रेक्षक माहीत असलेल्या हालचालीशी करतो आणि चूक काढतो. काडी कशी चालते हे कोणालाच माहीत नसल्यामुळे ती जशी चालेल तशीच बरोबर. तिचे थांबणे, वळणे, घाई करणे एवढ्यावरूनच तिला इच्छा आहे असे वाटू लागते. इच्छेचा हा भास म्हणजे सचेतनपटाचा गाभा होय. भरपूर तपशील, रंग आणि गुळगुळीत हालचाल या गोष्टी त्याच्या नंतर येतात आणि पुष्कळदा त्याला झाकूनही टाकतात. फाळके यांना रेखाटनाचे अंग असूनही त्यांनी चेहरा नसलेली वस्तू घेतली, ही त्यांच्या जाणतेपणाची खूण मानावी लागेल.

प्रभात ते चित्रपट विभाग : बोलपटाच्या आगमनानंतर सेकंदाला २४ चौकटी हे मान ठरले आणि काम जवळजवळ दीडपट झाले. दहा मिनिटांच्या पटाला १४,४०० चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले, तरी ७,२०० रेखाटने होतात. पारदर्शक पत्र्यांवर पात्रे वेगळी व पार्श्वभूमी वेगळी रंगविण्याची पद्धत अमेरिकेत १९१४ पासून होती. तिने श्रम वाचले, तरी त्यासाठी कारखानाच हवा होता. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आल्यानंतर वर्षभरात, १९३४ मध्ये, तिने रघुनाथ केळकर यांचा जंबू काका हा व्यंगपट काढला. भारतातील आरंभीच्या ध्वनियुक्त सचेतनपटांत त्याची गणना होते. प्रभातसारख्या सर्व खाती एका आवारात असलेल्या संस्थेलाही ही शाखा पुढे चालविता आली नाही. कारण उघड आहे. पौराणिक व संतपटांना जो प्रेक्षक पैसे देऊन येत होता, तो दहा मिनिटांच्या चित्रांसाठी वेगळे पैसे देणार नव्हता. व्यापारी पाठबळाविना ही कला तगू शकत नाही, आणि व्यापाराला तिची गरज नव्हती.

गरज पडली ती शासनाला. १९४८ मध्ये मुंबईत चित्रपट विभाग, म्हणजे फिल्म्स डिव्हिजन, स्थापन झाला आणि १९५६ मध्ये त्यात व्यंगपट शाखा सुरू झाली. वॉल्ट डिझ्नी यांच्या संस्थेत काम केलेले, भारतातच जन्मलेले क्लेअर वीक्स यांना अमेरिकी तांत्रिक साहाय्य योजनेखाली प्रशिक्षणासाठी आणण्यात आले. स्वातंत्र्यपूर्व काळापासून या क्षेत्रात धडपडणारे गो. के. गोखले आणि तरुण राम मोहन (१९३१–२०१९) ही मंडळी या शाखेत होती. द बॅनियन डिअर (१९५७) हे तिचे पहिले नावाजलेले फळ. त्याची कथा जातकातील, करुणामूर्ती हरणाची.

या पटाचे मूल्यमापन करताना एक अडचण जाणवते. हालचालीचे वजन, उडी मारण्यापूर्वी अंग आवळणे, थांबल्यानंतरही शेपटी-कान क्षणभर हलत राहणे, ही सारी डिझ्नी पद्धतीची शिस्त त्यात दिसते. भारतीय कलावंतांनी ती इतक्या अल्पावधीत आत्मसात केली, ही गोष्ट कमी महत्त्वाची नाही. पण अजिंठ्याच्या लेण्यांत जातककथा रंगविणाऱ्या चित्रकाराने रेषेच्या एका वळणात जे साधले, ते या गोलाईदार, मऊ हालचालीत हरवते. हरीण हलते फार चांगले. त्याचे स्थिर उभे राहणे मात्र आठवत नाही. पूर्ण हालचालीचे ध्येय ठेवले, की प्रत्येक रिकामी जागा कलावंतच भरून टाकतो आणि प्रेक्षकासाठी काही उरत नाही. शिवाय या ध्येयाला शेकडो माणसांचा कारखाना लागतो. स्नो व्हाइट (१९३७) च्या मागे तो होता. मुंबईच्या शाखेमागे कधीच नव्हता. अमेरिकेतच १९५० च्या आसपास काही तरुण संस्थांनी कमी चित्रांची, सपाट रंगांची, रेषाप्रधान पद्धत पुढे आणली होती. ती काटकसर म्हणून आली आणि शैली म्हणून टिकली. चित्रकथींच्या देशाला ती अधिक जवळची होती. तथापि हे उमगण्यास आपल्याकडे दशकभर लागले.

सक्तीचा प्रेक्षक : चित्रपट विभागाच्या पटांना एक लाभ होता, जो जगातील फार थोड्या सचेतनपटांना मिळाला. परवानाधारक चित्रपटगृहांना मुख्य चित्रपटाआधी वार्तापट किंवा अनुबोधपट दाखविणे दीर्घकाळ बंधनकारक होते. हे पट मराठीसह अनेक भाषांतील निवेदनासह पाठविले जात. खेडोपाडी केंद्र शासनाच्या क्षेत्रीय प्रसिद्धी विभागाच्या मोटारी पडदा लावीत. अहमदनगरसारख्या अवर्षणप्रवण, विस्ताराने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या जिल्ह्यात, जेथे तालुक्याच्या गावापलीकडे कायमची चित्रपटगृहे थोडी आणि फिरत्या तंबूंचे महत्त्व फार, तेथे हलत्या चित्रांची पहिली ओळख पुष्कळांना अशाच वाटेने झाली असली पाहिजे. पाथर्डी तालुक्यातील मढी येथील कानिफनाथांची यात्रा ‘भटक्यांची पंढरी’ म्हणून ख्यात आहे. तिच्यासारख्या यात्रांतून खेळ दाखविणाऱ्यांचा आणि खेळ पाहणाऱ्यांचा जो वर्ग शतकानुशतके तयार झाला होता, त्याला चित्र व आवाज एकत्र वाचण्याची सवय होती. असा प्रेक्षक आयता मिळणे हे भाग्यच.

या भाग्याचा उपयोग मात्र अर्धवट झाला. रोगप्रतिबंध, कुटुंबनियोजन, अल्पबचत, मापनाची दशमान पद्धती अशा विषयांवरील बहुसंख्य पटांत निवेदन अखंड चालू असते. चित्रात माणूस पैसे पेटीत टाकतो, निवेदक सांगतो की हा माणूस पैसे पेटीत टाकीत आहे. चित्रकथीचा आवाज चित्रात नसलेले सांगत असे. शासकीय निवेदन चित्रात असलेलेच पुन्हा सांगते. परिणामी एकतर चित्र फुकट जाते किंवा शब्द. या दोषाचे खापर कलावंतांवर फोडणे अन्यायाचे होईल. मजकूर खात्याकडून मंजूर होऊन येई, आणि मंजुरी शब्दांना देता येते, हालचालीला देता येत नाही. फाईलवर रेषेचा कंप कसा लिहावा, हा प्रश्न कोणत्याही कार्यालयाला सुटलेला नाही.

ज्यांनी या चाकोरीतून वाट काढली, त्यांचे काम म्हणूनच लक्षात राहते. राम मोहन यांच्या होमो सॅप्स या पटाला आणि नंतर यू सेड इट (१९७२) ला राष्ट्रीय पारितोषिके मिळाली. त्यांनी कथापटांतही थोडक्या जागेत सचेतन प्रसंग बसविले. मृणाल सेन यांच्या भुवन शोम (१९६९) मध्ये त्यांची चित्रे अल्पकाळच येतात, पण कार्यालयीन जगाचा सारा उपहास तेवढ्यात होतो. सत्यजित राय यांच्या शतरंज के खिलाडी (१९७७) मधील प्रारंभीच्या सचेतन भागात संस्थाने गिळंकृत करण्याचे डलहौसीचे धोरण चेरी खाण्याच्या प्रतिमेतून दाखविले आहे. इतिहासाचे पुस्तक जे प्रकरणभर सांगते, ते येथे एका गिळण्यात येते. निवेदन तेथेही आहे. परंतु ते शांतपणे माहिती देते आणि चित्र तिची थट्टा करते. दोन्ही एकमेकांची जागा अडवीत नाहीत.

प्रमोद पती यांचा मार्ग याहून वेगळा होता. चेकोस्लोव्हाकियात यिरी ट्रन्का यांच्या बाहुलीपटांच्या परंपरेत शिकून आल्यावर त्यांनी चित्रपट विभागात एक्सप्लोरर (१९६८) सारखे प्रयोग केले. आबिद या पटात त्यांनी चित्रकार आबिद सुरती यांनाच बाहुलीसारखे चौकट-चौकट हलविले. खोलीच्या भिंती रंगत जातात आणि माणूस त्यांत वस्तूप्रमाणे सरकतो. काडीला माणूस करण्याऐवजी माणसाची काडी केली, असे याचे वर्णन करता येईल. जाँ भावनगरी यांच्यासारखा, स्वतः जादूगार असलेला, कल्पक सल्लागार त्या काळी विभागात होता म्हणून हे घडू शकले. भावनगरी यांनी त्याआधी राधा अँड कृष्ण या पटात पहाडी लघुचित्रांवरून केवळ कॅमेरा फिरवून, एकही आकृती न हलविता, कथा उलगडली होती. चित्रकथींचे बोट येथे कॅमेऱ्याला लाभले. आबिदसारखे पट सर्वसामान्य प्रेक्षकाला दुर्बोध वाटले यात नवल नाही. त्यांची दुर्बोधता काही अंशी खरीही आहे, कारण केवळ चकित करण्याच्या भरात ते कधीकधी काय सांगावयाचे ते विसरतात.

सर्वांत दूरवर पोहोचलेला पट मात्र अगदी साधा आहे. भीमसेन यांनी दिग्दर्शित केलेला एक अनेक और एकता (१९७४) हा शैक्षणिक लघुपट विजया मुळे (१९२१–२०१९) यांच्या कल्पनेतून व लेखनातून उभा राहिला. पारध्याच्या जाळ्यात सापडलेली पाखरे एकत्र उडून जाळे घेऊन जातात, ही पंचतंत्रातली जुनी गोष्ट. त्यातील चित्रे सपाट, मुले जेमतेम हलणारी, पार्श्वभूमी थोडकी. परंतु शेकडो पाखरे एकाच क्षणी पंख उचलतात, तेव्हा मघापासून साठविलेली हालचाल एकदम खर्च होते आणि ती पुरेशी ठरते. दूरदर्शनवर तो वारंवार दाखविला गेला. लहानपणी पाहिलेल्या प्रेक्षकांना आज पन्नाशीतही त्याचे गीत आणि ते जाळे आठवते. बोध तर त्यात होताच, शिवाय उघड बोध होता. मग तो शासकीय बोधपटांप्रमाणे विसरला का गेला नाही? कारण मोठी बहीण भावंडांना गोष्ट सांगते, हा कथनाचा घरगुती आवाज त्यात आहे आणि तो चित्राच्या पुढे धावत नाही.

नंतरचा काळ : १९९० नंतर मुंबई-पुण्यात सचेतनपटाचे कारखाने प्रथमच मोठ्या प्रमाणावर उभे राहिले, ते परदेशी मालिकांचे काम करून देण्यासाठी. प्रमुख चित्रे तेथून यावयाची आणि आंतरचित्रे येथे काढावयाची. या कामाने हात तयार झाले, पगार मिळाले; पण हजारो तरुण दोन अवस्थांमधली चित्रे काढीत राहिले आणि त्या अवस्था कोणी व का निवडल्या हे त्यांना कळण्याचे कारण नव्हते. चित्रकथीपाशी प्रमुख चित्रे होती व मधले तो स्वतः भरी; येथे मधलेच तेवढे वाट्याला आले. संगणकाने पुढे हे काम बव्हंशी आपल्याकडे घेतले. राम मोहन यांनी युगो साको व कोइची सासाकी यांच्यासह केलेला रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम (१९९२) हा जपानी सहकार्याचा भव्य पट आणि व्ही. जी. सामंत यांचा यशस्वी हनुमान (२००५) यांमुळे पूर्ण लांबीच्या सचेतनपटाला बाजार आहे हे सिद्ध झाले. मराठीत प्रभो शिवाजी राजा (२०१८) सारखा प्रयत्न झाला. तरीही मराठी मुलांचे हलत्या चित्रांचे बरेचसे जग हिंदीत भाषांतरित झालेल्या जपानी मालिकांचे राहिले. या साऱ्यांत मराठी आवाजाचा, मराठी सांगण्याच्या लयीचा अभाव चित्रशैलीच्या अभावाहून अधिक बोचतो. शैली उसनी घेता येते, सांगणे घेता येत नाही. चित्रपट विभागाचे २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. त्याच्या व्यंगपट शाखेचे मराठी निवेदनासह असलेले पट एकत्रितपणे सहज पाहावयास मिळावेत, ही अपेक्षा या कलेच्या अभ्यासासाठी किमान मानावी लागेल. आगकाड्यांचे जे झाले, ते पुन्हा होऊ नये, एवढेच त्यामागचे कारण.

शिक्षणसंस्थांतून मात्र वेगळे काम होत आले आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रातील शिल्पा रानडे यांचा गोपी गवैया बाघा बजैया (२०१३) सपाट, नक्षीदार, बाहुल्यांसारख्या आकृतींवर उभा आहे आणि त्याला खोलीचा भास करण्याची हाव नाही. त्याच केंद्रातील नीना सबनानी यांनी लोकचित्रकारांनाच पटाचे सहकर्ते केले. त्यांच्या हम चित्र बनाते हैं (२०१६) या राष्ट्रीय पारितोषिकप्राप्त पटात भिल्लांमधील एक कथा आहे. पाऊस येत नाही म्हणून लोक जाणत्याकडे जातात आणि तो त्यांना घराच्या भिंती चित्रांनी भरण्यास सांगतो. चित्रे भिल्ल चित्रकाराची, ठिपक्याठिपक्यांनी भरलेली. ती हलविताना ठिपके पुसून गुळगुळीत केलेले नाहीत. झाड, मोर, माणूस सरकतात तेव्हा ठिपकेही त्यांच्याबरोबर थरथरत सरकतात, आणि रेषा कोणत्या हाताची आहे हे शेवटपर्यंत दिसत राहते.